जुन्या गाडीवरचा लपवलेला डेंट, दुबार रंग आणि डीलर: ग्राहक आयोगात तक्रार कोणी, कधी आणि कोणत्या कागदांवर करायची

रात्री साडेआठला शोरूमच्या ट्यूबलाइटखाली गाडीची सगळी दारं एकाच रंगाची दिसतात. माझ्या मेहुण्याने पुण्यातल्या एका डीलरकडून चार वर्षं वापरलेली चंदेरी हॅचबॅक अशीच रात्री ताब्यात घेतली, 5 लाख 80 हजारांना. सकाळी सोसायटीच्या पार्किंगमध्ये ऊन आलं आणि डावीकडचं मागचं दार बाकीच्या गाडीपेक्षा एक छटा गडद निघालं. काचेखालची रबराची पट्टी नखाने उचलली तर आत रंगाचे बारीक शिंतोडे. डीलरचं उत्तर ठरलेलं होतं: ‘साहेब, सेकंड हँड गाडी आहे, एवढं चालायचंच.’

एवढं चालतं की नाही, हे डीलरने विकताना काय सांगितलं होतं त्यावर ठरतं.

कायद्याच्या नजरेत दोष कोणता

ग्राहक संरक्षण कायदा, 2019 च्या कलम 2(10) मध्ये ‘दोष’ म्हणजे काय ते सांगितलं आहे. मालाच्या दर्जातली उणीव तर त्यात येतेच, पण व्यापाऱ्याने स्वतः कोणत्याही प्रकारे जो दावा केला त्यापेक्षा माल कमी निघाला तर तोही दोषच. जाहिरातीत ‘ओरिजिनल पेंट’ किंवा ‘नॉन-ॲक्सिडेंटल’ लिहिलं आणि दारावर पुट्टी निघाली, तर गाडी चार वर्षं जुनी होती हे उत्तर पुरत नाही. जुनेपणाची तक्रार कोणी केलेलीच नसते.

दुसरी बाजूही समजून घ्या, कारण डीलरचा वकील तीच धरून बसेल. वस्तू विक्री कायदा, 1930 चं कलम 16 म्हणतं की खरेदीदाराने माल तपासला असेल, तर त्या तपासणीत जे दिसायलाच हवं होतं अशा दोषाबद्दल विक्रेत्याची गर्भित (न बोलताही धरली जाणारी) जबाबदारी राहत नाही. बंपरवरचा वीतभर ओरखडा पाहून, त्यावर घासाघीस करून तुम्ही दहा हजार कमी करून घेतले असतील, तर तो विषय तिथेच संपला. त्यावर तक्रार टाकून वेळ घालवू नका.

टिकते ती लपवलेल्या कामाची तक्रार. आणि त्याहून सोपी असते टोकन दिल्यापासून ताबा मिळेपर्यंत पडलेल्या नव्या डेंटची. गाडी यार्डात उभी असते, कुणीतरी रिव्हर्स घेताना ठोकतो, आणि ताब्याच्या वेळी कुणी बोलत नाही. गंमत म्हणजे हीच सोपी तक्रार लोक सगळ्यात जास्त हरतात, कारण डिलिव्हरी नोटवर ‘गाडी समाधानकारक स्थितीत मिळाली’ या ओळीखाली सही झालेली असते. सही करायला हरकत नाही. त्याआधी त्याच कागदावर पेनाने लिहा: ‘डावे मागचे दार, हँडलखाली डेंट, टोकनच्या दिवशी नव्हता.’ लिहू देत नसतील तर तिथे उभं राहूनच त्यांच्या व्हॉट्सॲपवर फोटो पाठवा. वेळ आपोआप नोंदली जाते.

तक्रार कोण करू शकतो

पैसे मोजून, स्वतःच्या वापरासाठी गाडी घेणारा. पुन्हा विकण्यासाठी किंवा व्यावसायिक कामासाठी घेतली असेल तर तो ग्राहक ठरत नाही; मात्र स्वयंरोजगाराने पोट भरण्यासाठी स्वतः टॅक्सी चालवणाऱ्याला कायदा ग्राहकच धरतो. कंपनीच्या नावावर घेतलेल्या गाडीत ‘व्यावसायिक हेतू’चा मुद्दा निघणार हे धरून चाला. गाडी बायकोच्या नावावर आणि पैसे नवऱ्याच्या खात्यातून गेले असतील तर दोघांनीही तक्रारदार व्हावं.

समोरचा व्यापारी असायला हवा. शेजारच्या काकांकडून थेट गाडी घेतली आणि त्यांनी दाराचं सांगितलं नाही, तर ती वाट दिवाणी न्यायालयाची. डीलर कधी कधी इथेच पळवाट काढतात: ‘आम्ही फक्त मध्यस्थ, गाडी मालकाने विकली.’ म्हणून पैसे कुणाच्या खात्यात गेले आणि बिल कुणी दिलं हे महत्त्वाचं. बिल न देणं हीच ग्राहक संरक्षण कायद्याच्या कलम 2(47) खाली अनुचित व्यापारी प्रथा आहे. सदोष माल परत घ्यायला बिलावरच्या मुदतीत, किंवा मुदत लिहिली नसेल तर 30 दिवसांत, नकार देणंही त्याच कलमात येतं.

केंद्रीय मोटार वाहन नियमांत डिसेंबर 2022 मध्ये बदल झाला, तो 1 एप्रिल 2023 पासून लागू आहे. जुन्या नोंदणीकृत गाड्यांच्या डीलरला आता आरटीओकडून प्राधिकारपत्र घ्यावं लागतं, त्याची मुदत पाच वर्षं. मालकाने गाडी डीलरच्या ताब्यात दिल्याची सूचना फॉर्म 29सी मध्ये जाते आणि तिथून पुढे डीलर त्या गाडीचा मानीव मालक होतो, म्हणजे कायदा त्यालाच मालक मानतो. त्याने गाडीच्या फेऱ्यांची इलेक्ट्रॉनिक नोंदवहीही ठेवायची असते: ट्रायलला नेली, दुरुस्तीला नेली, रंगकामाला नेली. ‘रंग आम्ही दिलाच नाही’ म्हणणाऱ्याकडे ही नोंदवही मागण्याचा अर्ज आयोगात करता येतो. प्राधिकारपत्र शोरूमच्या भिंतीवर दिसलं नाही तर टोकन देण्याआधीच विचारा.

आरटीओ तुम्हाला डेंटचे पैसे मिळवून देणार नाही, हेही सांगून ठेवतो. पोलीस ठाण्यातही ‘ही दिवाणी बाब आहे’ एवढंच ऐकून परत यावं लागेल.

कुठे, किती मुदतीत, किती फी

गाडीसाठी मोजलेली किंमत 50 लाखांपर्यंत असेल तर जिल्हा ग्राहक आयोग. इथे मोजलेली किंमत बघतात, तुम्ही मागितलेली भरपाई नाही. महाराष्ट्रात जिल्ह्याच्या ठिकाणी आयोग आहेत. गोव्यात उत्तर आणि दक्षिण असे दोन. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी-धंदा करता तिथल्या आयोगात तक्रार करता येते. ही सोय 2019 च्या कायद्याने दिली आणि तिचं मोल मोठं आहे. ऑनलाइन गाडी विकणाऱ्या कंपन्यांच्या अटींत ‘वाद फक्त गुरुग्रामच्या न्यायालयात’ किंवा ‘लवादाकडे’ असं छापलेलं असतं, ते वाचून लोक गप्प बसतात. ग्राहक आयोगाची वाट अशा अटीने बंद होत नाही.

फी अशी: किंमत 5 लाखांपर्यंत असेल तर काही नाही, 10 लाखांपर्यंत 200 रुपये, 20 लाखांपर्यंत 400, 50 लाखांपर्यंत 1,000. मेहुण्याला 200 रुपये पडले असते. मुदत दोष कळल्यापासून दोन वर्षांची. ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार चालू आहे म्हणून ही दोन वर्षं थांबत नाहीत.

कागद

बिल, टोकनची पावती, बँकेचा उतारा, डिलिव्हरी नोट, आरसी, मालकी बदलाच्या फॉर्म 29 आणि 30 च्या प्रती, ओळखपत्र, पत्त्याचा पुरावा. हे बहुतेकांकडे असतं. खटला उभा राहतो तो पुढच्या कागदांवर.

पहिला म्हणजे जाहिरात. गाडी विकली गेली की ती पानावरून उतरते, म्हणून टोकनच्या दिवशीच तिचे स्क्रीनशॉट घ्या. डीलरच्या तपासणी अहवालात प्रत्येक पॅनेलपुढे ‘ओके’ किंवा ‘रिपेंटेड’ असा शेरा असतो, तो डाउनलोड करून ठेवा.

दुसरा पुरावा रंगाच्या जाडीचा. पेंट थिकनेस मीटर पत्र्याला टेकवलं की मायक्रॉनमध्ये (मिलिमीटरचा हजारावा भाग) आकडा येतो. कंपनीतून आलेला रंग साधारण 80 ते 150 मायक्रॉन असतो, दुबार रंगवलेलं पॅनेल सहसा 200 च्या वर जातं, आणि आत पुट्टी असेल तर आकडा 500 च्या पुढे पळतो. एकटा आकडा काही सिद्ध करत नाही. उजवं दार 110 आणि डावं 640 हा फरक बोलतो. प्लास्टिकच्या बंपरवर हे मीटर चालत नाही, तिथे ओव्हरस्प्रे, म्हणजे आजूबाजूला उडालेले रंगाचे शिंतोडे, आणि स्क्रूवरचा उडालेला रंग शोधावा लागतो. मीटरचा फोटो असा काढा की आकडा आणि नंबर प्लेट दोन्ही दिसतील. मग परवानाधारक सर्व्हेअरकडून किंवा अधिकृत वर्कशॉपकडून लेटरहेडवर अहवाल घ्या. तोंडी ‘हो, हे ठोकलेलं आहे’ कामाचं नाही.

तिसरा, आधीच्या मालकाची विमा पॉलिसी. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, वर्षागणिक 20, 25, 35, 45 आणि 50 टक्के असा चढतो. एकाच मालकाकडे चार वर्षं असलेल्या गाडीच्या पॉलिसीवर हा बोनस शून्य दिसला, तर क्लेम झालेला असण्याची शक्यता मोठी. सर्व्हिस सेंटरची जॉब कार्डं त्याच्याशी ताडून बघा.

व्हॉट्सॲपचे संवाद आणि व्हिडिओ जोडायचे तर भारतीय साक्ष अधिनियम, 2023 च्या कलम 63 चं, इलेक्ट्रॉनिक पुराव्यासाठी लागणारं प्रमाणपत्र सोबत द्या. आधी याला 65बी म्हणायचे, वकिलांच्या तोंडी अजून तेच आहे. मूळ फाइल फोनमधून पुसू नका.

आधी लेखी मागणी

कायद्याने नोटीस सक्तीची नाही, पण दिलेली बरी. साध्या मराठीत एक पानभर पुरतं: गाडीचा क्रमांक, तारीख, काय सांगितलं होतं, काय निघालं, किती रक्कम हवी, 15 दिवसांत उत्तर द्या. स्पीड पोस्टने पाठवा, पोचल्याचा पुरावा ठेवा, ईमेलही करा. ऑनलाइन कंपनी असेल तर तक्रार निवारण अधिकाऱ्याला लिहा. 2020 च्या ई-कॉमर्स नियमांप्रमाणे त्याने 48 तासांत पोच आणि महिन्याभरात निवारण करायचं असतं. मधल्या काळात दार स्वतः रंगवून घेऊ नका, पुरावा तुमच्याच हाताने पुसला जाईल.

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक 1915. ती आदेश काढू शकत नाही, तक्रार कंपनीकडे पोचवून उत्तर मागते. मेहुण्याचं काम इथेच झालं. टोकनच्या दिवशी गावी वडिलांना दाखवायला त्याने गाडीभोवती फिरून व्हिडिओ काढला होता, त्यात विक्रेत्याचा आवाज स्पष्ट आहे: ‘काका, एक पण पॅनेल रंगवलेलं नाही.’ तो व्हिडिओ जोडल्यावर डीलर 18 हजारांवर तयार झाला. आधी ‘दार फुकटात रंगवून देतो’ चाललं होतं. पण खाली पुट्टी असलेल्या दाराला वरून आणखी एक हात मारून काय साधणार होतं?

तक्रार दाखल करताना

ऑनलाइन दाखल करण्यासाठी आता ई-जागृती पोर्टल आहे. आधीच्या ई-दाखिलची जागा त्याने 2025 च्या सुरुवातीपासून घेतली. मोबाइल आणि ईमेलने खातं उघडायचं, तक्रारअर्ज, पक्षकारांची नावं-पत्ते, तारखांची यादी, शपथपत्र आणि कागद पीडीएफमध्ये चढवायचे, फी भरायची. वकील सक्तीचा नाही. महाराष्ट्रातल्या जिल्हा आयोगांत मराठी तक्रार चालते. समोरच्याला काय म्हणायचं ते मात्र जिल्ह्यागणिक बदलतं: कुठे जाबदेणार, कुठे सामनेवाले, कुठे गैरअर्जदार. त्याच आयोगाचा एखादा जुना निकाल उघडून शब्द बघून घ्या.

सगळ्यात जास्त चूक मागणीत होते. एका दारासाठी अख्ख्या गाडीचे पैसे व्याजासह परत मागितले की अर्जच हलका पडतो. दुरुस्तीचं अंदाजपत्रक, दुबार रंगामुळे कमी झालेली किंमत, त्रासाची भरपाई आणि तक्रारीचा खर्च, असं वेगवेगळं मांडा आणि पहिल्या दोन रकमांना कागद जोडा. गाडीचा पिलर (छताला आधार देणारा खांब) कापून जोडलेला निघाला तर गोष्ट वेगळी. तो रंगरूपाचा प्रश्न राहत नाही, तिथे परतावा मागाच.

तक्रार दाखल करून घ्यायची की नाही हे आयोगाने साधारण 21 दिवसांत ठरवायचं असतं, आणि तुमचं म्हणणं ऐकल्याशिवाय ती फेटाळता येत नाही. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला लेखी म्हणणं द्यायला 30 दिवस, फार तर आणखी 15. त्यापुढे नाही, सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने मार्च 2020 मध्ये, जुन्या कायद्याखालच्या प्रकरणात, हे पक्कं केलं. म्हणून 46 व्या दिवशी कैफियत (हेच लेखी म्हणणं) आली तर लेखी हरकत घ्या. निकालाला कायद्यात तीन महिने, मालाची तपासणी लागली तर पाच महिने आहेत. प्रत्यक्षात तारखा पडतात, तेवढी तयारी ठेवा. व्हिडिओद्वारे सुनावणीचा अर्ज करता येतो.

मधेच तडजोड झाली तर ‘पूर्ण व अंतिम’ लिहिलेल्या कागदावर पैसे खात्यात येईपर्यंत सही करू नका, आणि रक्कम व तारीख लिहून आयोगात पुरशिस (लेखी निवेदन) द्या. निकाल लागला आणि डीलरला अपील करायचं असेल तर त्याला 45 दिवसांत राज्य आयोगाकडे जावं लागतं, आदेशातल्या रकमेच्या निम्मी रक्कम आधी भरून. अपीलही नाही आणि पैसेही नाहीत, तर कलम 71 खाली वसुलीचा आणि कलम 72 खाली शिक्षेचा अर्ज त्याच जिल्हा आयोगात करायचा. कलम 72 मध्ये महिन्यापासून तीन वर्षांपर्यंत कैद किंवा 25 हजारांपासून एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही आहेत. बरेच डीलर या अर्जाची नोटीस हातात पडल्यावरच चेक लिहितात.