जीवाधार यंत्रणांची विश्वसनीयता व देखभाल

अंतराळयानात हवा, पाणी व तापमान राखणाऱ्या यंत्रणा दीर्घकाळ चालू ठेवण्याचे शास्त्र. एका माणसाला दिवसाला सुमारे ०·८४ किग्रॅ. ऑक्सिजन लागतो. गगनयानाच्या नियोजित तीन दिवसांच्या उड्डाणाला बरोबर नेलेला साठा पुरतो. मंगळाच्या दोन-तीन वर्षांच्या फेरीसाठी पुनर्वापर अटळ, असे बहुतेक अभ्यासक मानतात. साठाच अधिक भरवशाचा, हे मतही सुट्या भागांचे वजन धरल्यास डावलण्याजोगे नाही.

आंतरराष्ट्रीय अंतराळ स्थानकावर २००८ च्या अखेरीस मूत्रशुद्धी संयंत्र बसले. त्यात फिरत्या पिंपात कमी दाबाखाली ऊर्ध्वपातन होते. ८५ टक्के पाणी परत मिळणे अपेक्षित असताना पिंपात कॅल्शियम सल्फेट साचले. वजनरहित अवस्थेत हाडांतले कॅल्शियम मूत्रात उतरते. सल्फेटची भर मूत्र टिकवण्यासाठी घातलेल्या सल्फ्यूरिक आम्लाने पडली. काही वर्षे सुमारे ७५ टक्क्यांवर भागवून पुढे फॉस्फरिक आम्ल वापरात आले. उरलेल्या खारट द्रावातूनही पाणी काढल्यावर २०२३ मध्ये एकूण पुनर्प्राप्ती ९८ टक्क्यांवर पोचली. नुसते पिंप बदलत राहिले असते, तर प्रत्येक नवे पिंप तसेच भरले असते.

सुट्या भागांचा हिशेब असा : पंप सरासरी १०,००० तासांनी बिघडतो व मोहीम ९०० दिवसांची (२१,६०० तास) आहे, असे धरल्यास अपेक्षित बिघाड २·१६ येतात. दोन जादा पंप नेल्यास निभावण्याची शक्यता अवघी ६३ टक्के, पाच नेल्यास सुमारे ९८. मात्र येथे प्रत्येक बिघाड स्वतंत्र मानला आहे, आणि प्रत्यक्षात हेच गृहीतक ढासळते. चिकोडीकडे कृष्णाकाठी उपशाच्या दोन मोटारी एकाच स्टार्टरवर जोडल्या, तर स्टार्टर जळताच दोन्ही थांबतात. एकाच घाण्यातल्या (एकाच खेपेत बनलेल्या) भागांचेही तेच. बेळगावच्या उद्यमबागेतील फाउंड्रीवाले ओतीव भागावर हीट नंबर घालतात, तो दोष कोणत्या वितळणीपर्यंत पोचतो हे कळावे म्हणून. यानातील जादा भागही वेगवेगळ्या घाण्यांतून निवडणे इष्ट.

स्थानकावर बहुधा पूर्ण संचच बदलतात. मंगळमार्गावर झडप, सील, संवेदक या पातळीवर दुरुस्ती केल्यास वजन वाचते, पण अवजारे व वेळ जास्त लागतो. एकमार्गी संदेशाला तेथे २२ मिनिटांपर्यंत लागत असल्याने बिघाडाचे निदान यानातच करावे लागते. कार्बन डाय-ऑक्साइड शोषणाऱ्या झिओलाइटची धूळ झडपांत अडकणे ही नेहमीची तक्रार; म्हणून झडपेच्या अलीकडे काढता येणारी गाळणी हवी.

वनस्पती व शैवालावर आधारित यंत्रणांचे प्रयोग सायबेरियातील क्रास्नोयार्स्क येथे १९७० च्या दशकात झाले.