पांढरा चट्टा, चार नावं आणि कर्करोगाचा धोका

जननेंद्रियाच्या त्वचेवरचा पांढरा, खाजरा चट्टा पुढे कर्करोगाकडे जातो का, हा प्रश्न 'लायकेन स्क्लेरोसस' या असे चट्टे आणणाऱ्या कातडीच्या आजाराच्या नावाइतकाच जुना आहे. 1885 मध्ये योनिमुख आक्रसण्याला 'क्राउरोसिस' म्हटलं गेलं, 1887 मध्ये फ्रान्समध्ये लायकेन स्क्लेरोससचं वर्णन झालं आणि 1928 मध्ये पुरुषांतल्या याच विकाराला आणखी वेगळं नाव मिळालं.

सगळ्यात जास्त घोळ 'ल्युकोप्लाकिया'नं घातला. शब्दाचा अर्थ 'पांढरा चट्टा' एवढाच, पण डॉक्टर तो 'कर्करोगाची आधीची पायरी' असा वाचू लागले आणि कित्येक बायकांचं अख्खं योनिमुख कापून काढलं गेलं. शिवाय चट्टे उरलेल्या कातडीत पुन्हा उमटायचे, कधी कलम केलेल्या कातडीतही. 1976 मध्ये तज्ज्ञांनी ल्युकोप्लाकिया आणि क्राउरोसिस ही दोन्ही नावं मोडीत काढली. 'अ‍ॅट्रॉफिक' (कातडी पातळ होणारा) हे लायकेनच्या नावामागचं शेपूटही कापलं, कारण कातडी दरवेळी पातळ होत नाही, काही जागी जाड होते. निर्णय योग्यच होता. पण 'हा कर्करोग नव्हे' याचा अर्थ लोकांनी 'आता दाखवायची गरज नाही' असा घेतला, आणि ते महागात पडतं. या आजाराच्या बायकांपैकी साधारण पाच टक्क्यांहून कमी जणींना योनिमुखाचा कर्करोग होतो. धोका कमी आहे, शून्य नाही. त्यातही पॅपिलोमा विषाणूशी (एचपीव्ही) संबंध नसलेली कर्करोगाची पूर्वावस्था सूक्ष्मदर्शकाखाली साधी दिसते आणि झपाट्यानं पुढे सरकते. तिला स्वतंत्र प्रकार म्हणून मान्यता 2004 च्या वर्गीकरणात मिळाली.

1990 नंतर या आजारावर क्लोबेटासोल या तीव्र स्टेरॉइडचं मलम वापरात आलं आणि उपचार पालटले. 2015 मध्ये ऑस्ट्रेलियातल्या 507 बायकांचा अभ्यास छापून आला. मलम नेमानं लावणाऱ्यांपैकी एकीलाही कर्करोग किंवा पूर्वावस्था आढळली नाही. टाळाटाळ करणाऱ्यांत 4.7 टक्के जणींना आढळली. चिठ्ठ्या टाकून गट पाडून केलेली चाचणी नव्हती ती, तरी आकडा दुर्लक्ष करण्यासारखा नाही.

इंदूरच्या मराठी घरांत याला 'खालची खाज' म्हणतात. सासूबाईंना कोड वाटतं, म्हणून सून बोलत नाही. रामबागेतली बाई मेडिकलवर जाते ती हळूच 'दाद-खाजेची ट्यूब' मागायला. अशा बऱ्याच मिश्र मलमांत क्लोबेटासोल असतंच, सोबत बुरशीचं आणि जंतूंचं औषध. म्हणजे हाती तेच औषध, पण निदान नाही, मात्रा नाही, तपासणी नाही. 2018 मध्ये सरकारनं स्टेरॉइड मलमांची चिठ्ठीविना विक्री आवळली. मग 'स्टेरॉइड' शब्दाचीच धास्ती बसली, आणि डॉक्टरांनी नीट लिहून दिलेलं मलमही कपाटात पडून राहू लागलं.

मलम आधी रोज, मग एकाआड एक दिवस, मग आठवड्यातून दोनदा, असा पहिल्या तीन महिन्यांचा क्रम. तेवढ्यात 30 ग्रॅमची एक ट्यूब साधारण संपते. न भरणारी जखम, कडक गाठ किंवा जाड झालेला चट्टा दिसला तर कातडीचा तुकडा तपासायला पाठवतात. आणि मलम किती लागलं ते कळावं म्हणून पुढच्या भेटीला ट्यूब सोबत न्यावी. ती वळकटीसारखी गुंडाळत आणलेली आहे की अजून टम्म भरलेली, हे डॉक्टरांना बाईनं न सांगताही कळतं.