पेयजल सुरक्षा आणि हवामान बदल

उगमापासून पिणाऱ्याच्या पेल्यापर्यंत पाणी कुठे कुठे दूषित होऊ शकते ते आधीच हेरून त्या प्रत्येक जागी अटकाव करणे, याला पेयजल सुरक्षा नियोजन म्हणतात. जागतिक आरोग्य संघटनेने २००४ मध्ये पेयजल गुणवत्तेच्या मार्गदर्शक तत्त्वांच्या तिसऱ्या आवृत्तीत या पद्धतीचा पुरस्कार केला. तोवर मुख्य भिस्त तयार पाण्याचे नमुने तपासण्यावर असे. पण पाण्यात मैला मिसळल्याची खूण मानल्या जाणाऱ्या ई. कोलाय जीवाणूच्या नेहमीच्या चाचणीचा निकाल यायला १८ ते २४ तास लागतात आणि तोपर्यंत ते पाणी लोक पिऊन मोकळे झालेले असतात. म्हणून गढूळपणा, शिल्लक क्लोरीन (जंतू मारण्यासाठी घातलेल्यापैकी पाण्यात उरलेले), नळातील दाब अशा ताबडतोब मोजता येणाऱ्या गोष्टींवर सतत नजर ठेवणे हा या नियोजनाचा कणा आहे.

हवामान बदलामुळे या नियोजनाचा पायाच हलला आहे. धरणे, विहिरी आणि शुद्धीकरण केंद्रे यांची आखणी मागील काही दशकांच्या पाऊसमानावरून झालेली असते. हवेचे तापमान १ अंश सेल्सिअसने वाढले की तिची बाष्प धरून ठेवण्याची क्षमता सुमारे ७ टक्क्यांनी वाढते. त्यामुळे पाऊस कोसळतो तेव्हा अधिक जोराने कोसळतो आणि अनेक प्रदेशांत दोन पावसांमधली ओढही लांबते. हे लक्षात घेऊन जागतिक आरोग्य संघटनेने २०१७ मध्ये बदलत्या हवामानात टिकतील अशा सुरक्षा आराखड्यांसाठी स्वतंत्र पुस्तिका काढली.

अतिवृष्टीचा धोका सर्वांत तातडीचा. लांबलेल्या कोरड्या काळानंतरचा पहिला मोठा पाऊस जमिनीवर साचलेले शेण, मैला आणि माती एकदम पाण्यात लोटतो. गढूळ पाण्यातील कण जंतूंना आडोसा देतात, तर त्यातील सेंद्रिय द्रव्य क्लोरीन खाऊन टाकते. क्लोरीन वाढवावे, तर त्याच द्रव्याशी संयोग होऊन ट्रायहॅलोमिथेनसारखी अपायकारक उपउत्पादने तयार होतात. त्यामुळे निर्जंतुकीकरणाआधी पाणी नीट निवळणे व गाळणे याला पर्याय नाही.

कॅनडातील ऑन्टारिओ प्रांतातल्या वॉकर्टन या गावाची घटना या दृष्टीने मुळातून समजून घ्यावी अशी आहे. मे २००० मध्ये तिथे जोरदार पाऊस झाला. शेजारच्या शेतात घातलेल्या शेणखतातील जीवाणू एका उथळ विहिरीत उतरले. सुमारे ५ हजार वस्तीच्या गावात २,३०० जण आजारी पडले आणि ७ जण दगावले. चौकशीत त्या शेतकऱ्यावर ठपका आला नाही, कारण खत त्याने रीतसर घातले होते. दोष निघाला तो विहिरीच्या जागेत आणि देखरेखीत. क्लोरीन रोज मोजले जात नव्हते आणि वहीत खोट्या नोंदी होत होत्या. शिल्लक क्लोरीन व गढूळपणा अखंड मोजणारी उपकरणे त्या विहिरीवर असती, तर ही साथ टळली असती, असा निष्कर्ष चौकशीने काढला. पाऊस आपल्या हाती नव्हता, हे कारण इथे पुरेसे ठरत नाही.

क्लोरीनलाही मर्यादा आहेत. १९९३ मध्ये अमेरिकेतील मिलवॉकी शहरात क्रिप्टोस्पोरिडियम या परजीवीमुळे सुमारे ४ लाख लोक आजारी पडले. त्याच्या बीजपुटींवर, म्हणजे टणक कवचातल्या रूपावर, क्लोरीनचा नेहमीचा डोस जवळजवळ चालत नाही. तिथे उत्तम गाळण आणि अतिनील किरण हेच उपाय कामी येतात.

अवर्षणाचे संकट सावकाश येते, पण खोलवर जाते. नदी आटली की तिच्यात सोडलेल्या सांडपाण्याचे प्रमाण वाढते. टंचाईत पाणी काही तासच सोडले जाते. मग मधल्या वेळात रिकाम्या नळातला दाब उतरतो आणि गळक्या सांध्यांतून भोवतीची घाण आत ओढली जाते. पाणी वाचवण्यासाठी केलेली कपात अशी आरोग्यावर उलटू शकते, हे टंचाईच्या आराखड्यांत फार क्वचित लिहिलेले आढळते. किनारपट्टीवर भूजलाचा अतिउपसा आणखी महागात पडतो. गोडे पाणी जड खाऱ्या पाण्यावर तरंगत असल्याने त्याची पातळी १ मीटर खाली गेली की खालची खारी सीमा, तत्त्वतः, सुमारे ४० मीटर वर सरकते. वाढती समुद्रपातळी याला हातभार लावते.

उष्णतेने तलावांत नीलहरित शैवाल फोफावते. ऑगस्ट २०१४ मध्ये ईरी सरोवरातील अशा शैवालाच्या विषामुळे अमेरिकेतील टोलेडो परिसरातील सुमारे ५ लाख लोकांना नळाचे पाणी पिऊ नका, असे सांगावे लागले. हे विष उकळल्याने नष्ट होत नाही, उलट पाणी आटून ते दाट होते. कोमट नळांत क्लोरीन लवकर विरते आणि फुप्फुसाचा गंभीर आजार करणारे लीजिओनेला जीवाणू वाढतात.

उपायांत एकाच गोष्टीवर विसंबणे टाळतात. पाणी उचलण्यासाठी वेगवेगळ्या खोलीवर दारे, एकाहून अधिक स्रोत, पूररेषेच्या वर बसवलेले पंप आणि वीज गेली तर चालणारे जनित्र, ही त्यातली मुख्य अंगे. गढूळपणा किती वाढला की उपसा थांबवायचा, हा आकडा आणि तो निर्णय घेणारी व्यक्ती दोन्ही आधी ठरलेली हवीत. लहान पाणीयोजनांना मोठी यंत्रसामग्री परवडत नाही. त्यांच्यासाठी विहिरीचा उंच, पक्का कठडा, भोवतीचा न गळणारा ओटा आणि वरच्या अंगाला शौचालय वा गोठा नसणे यातच बरेचसे संरक्षण असते. पुरात बुडालेली विहीर उपसून, क्लोरीनने धुऊन आणि पाणी तपासूनच पुन्हा वापरात आणतात.