सॅनवरच्या व्हर्च्युअल मशीनचा बॅकअप : व्हीसीबीपासून प्रॉक्समॉक्सपर्यंत

व्हर्च्युअल मशीन (सॉफ्टवेअरने उभा केलेला संगणक) म्हणजे शेवटी एक फाइल, आणि फाइल कॉपी केली की झाला बॅकअप. सुरुवातीला हा हिशेब पुष्कळांना पटला होता. तो चुकला याचं पहिलं कारण म्हणजे ती फाइल क्षणभरही स्वस्थ नसते. मशीन चालू असेपर्यंत तिच्यात लिहिणं सुरूच असतं.

म्हणून मग जुनीच पद्धत पुढे चालू राहिली : प्रत्येक मशीनच्या आत बॅकअपचा एजंट टाकायचा, जणू तो खराच सर्व्हर आहे. पण व्हर्च्युअलायझेशनचा सगळा फायदा असा, की दिवसभर जवळपास रिकामे बसणारे दहा-पंधरा सर्व्हर एका होस्टवर, म्हणजे एकाच खऱ्या यंत्रावर, आणता येतात. ते रात्री मात्र रिकामे नसत. सगळे एजंट एकाच वेळी जागे झाले, की होस्टचा सीपीयू आणि नेटवर्क कार्ड दोन्हींचा श्वास कोंडायचा.

२००३ साली व्हर्च्युअलायझेशनचं सॉफ्टवेअर बनवणाऱ्या व्हीएमवेअरने व्हीमोशन आणलं आणि चालू मशीन एका होस्टवरून दुसऱ्यावर सरकू लागलं. त्यासाठी डिस्क दोन्ही होस्टना दिसणं भाग होतं, त्यामुळे फायबर चॅनलची सॅन, म्हणजे अनेक सर्व्हरना सामाईक डिस्क पुरवणारं वेगळं नेटवर्क, जवळपास सक्तीची झाली. साध्या नेटवर्कवरून सॅन चालवणाऱ्या आयस्कझीचं प्रमाणक २००४मध्ये आलं, आणि पुढे कमी बजेटवाल्यांनाही वाट मिळाली. एकच लन (सॅनने दिलेली डिस्क) अनेक होस्टनी वापरावी, यासाठी व्हीएमएफएस ही फाइल सिस्टिम होतीच. मशीनच्या डिस्क आता होस्टच्या बाहेर पडून होत्या. मग बॅकअपच्या वाचनासाठी होस्टला मध्ये घ्यायचंच कशाला?

या प्रश्नाचं उत्तर म्हणून २००६मध्ये व्हर्च्युअल इन्फ्रास्ट्रक्चर ३सोबत कन्सॉलिडेटेड बॅकअप, म्हणजे व्हीसीबी, आलं. सॅनला जोडलेला एक विंडोज सर्व्हर प्रॉक्सी म्हणून उभा करायचा. तो मशीनचा स्नॅपशॉट (त्या क्षणीची गोठवलेली स्थिती) घ्यायला लावणार, डिस्कचे ब्लॉक लनवर कुठे आहेत ते विचारून घेणार आणि स्वतःच्या एचबीएमधून (सॅनला जोडणाऱ्या कार्डातून) थेट वाचणार. कागदावर उत्तम. प्रत्यक्षात पूर्ण इमेज हवी असेल तर ती आधी प्रॉक्सीच्या डिस्कवर उतरायची आणि तिथून बॅकअप सॉफ्टवेअर ती टेपवर न्यायचं. म्हणजे एकच डेटा दोनदा हलवायचा. इमेजला इन्क्रिमेंटल (फक्त बदललेलं घेणारा बॅकअप) नव्हतं, रोज अख्खी डिस्क. आणि परतीची वाट सॅनवरून नव्हतीच. रिस्टोअर करायचं तर ईएसएक्सच्या (होस्टवर चालणाऱ्या व्हीएमवेअरच्या सॉफ्टवेअरच्या) सर्व्हिस कन्सोलवरून किंवा कन्व्हर्टर हे साधन वापरून.

शिवाय एक धोका होता. प्रॉक्सीला प्रॉडक्शनच्या सगळ्या लन दिसत, पण विंडोजला व्हीएमएफएस कळत नाही. त्याच्या लेखी त्या कोऱ्या डिस्क. कुणी सहज डिस्क मॅनेजमेंट उघडलं, की ‘डिस्क इनिशियलाइझ करू का?’ अशी खिडकी समोर यायची. सवयीने ओके दाबलं, तर विंडोज लनवर स्वतःची सही लिहून मोकळं, आणि डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या डिस्क ठेवलेली जागा, गायब. म्हणून लन जोडण्यापूर्वी प्रॉक्सीवर डिस्कपार्टमध्ये जाऊन ‘ऑटोमाउंट डिसेबल’ आणि ‘ऑटोमाउंट स्क्रब’ या दोन आज्ञा द्यायच्या, हा नियम झाला. विंडोज सर्व्हर २००८मध्ये शेअर्ड डिस्क ऑफलाइनच ठेवणारं सॅन धोरण आलं, तेव्हा कुठे स्टोरेजवाल्यांची झोप सुधारली. तरीही बॅकअपच्या सर्व्हरला लन दाखवायला ते आजही का कां-कूं करतात, याचं मूळ इथे आहे.

२००९च्या व्हीस्फिअर ४ने व्हीसीबीची जागा घेणारे एपीआय (बॅकअप सॉफ्टवेअरला जोडणारे दुवे) आणले आणि सोबत चेंज्ड ब्लॉक ट्रॅकिंग, म्हणजे सीबीटी. माझ्या मते या सगळ्या इतिहासातलं खरं वळण हेच. मागच्या बॅकअपनंतर डिस्कचे कोणते भाग बदलले, याची नोंद होस्ट स्वतः ठेवू लागला. पाचशे जीबीच्या डिस्कमधले दहा जीबी बदलले असतील तर तेवढेच वाचायचे. गंमत अशी, की वाचायचंच इतकं थोडं उरल्यावर सॅनवरून थेट वाचण्याचा आग्रहही सैल पडला. रोजच्या इन्क्रिमेंटलला साधं नेटवर्क पुरू लागलं. पण सीबीटीवर डोळे मिटून विसंबता येत नाही, हे २०१४मध्ये कळलं. १२८ जीबीची हद्द ओलांडून वाढवलेल्या डिस्कच्या बदललेल्या भागांची यादी चुकीची येत असल्याचं उघड झालं. बॅकअपचा जॉब हिरवा, म्हणजे यशस्वी, आणि रिस्टोअर केलेली डिस्क खराब. व्हीएमवेअरने पॅच दिला, पण आधीच वाढवलेल्या डिस्कवर सीबीटी बंद करून पुन्हा सुरू करावं लागलं.

या काळात एक गोष्ट मात्र बदलली नाही, ती म्हणजे स्नॅपशॉट. बॅकअप चालू असताना मूळ डिस्क गोठवतात आणि नवं लिखाण वेगळ्या डेल्टा फाइलमध्ये जातं. ही फाइल १६-१६ एमबीने वाढायची आणि दर वाढीला पूर्ण लनवर स्कझी रिझर्व्हेशन, म्हणजे एकाच होस्टचा ताबा, लागायचं. तेवढा वेळ बाकीचे होस्ट ताटकळत. २०१०च्या ४.१ आवृत्तीत, स्टोरेजनेही साथ दिली तर, पूर्ण लनऐवजी नेमक्या नोंदीपुरतं कुलूप लावण्याची सोय झाली. तरी स्नॅपशॉट मिटवताना मशीन क्षणभर थबकतं ते थबकतंच, आणि व्यस्त डेटाबेसला तो क्षणही जड जातो. जॉब मध्येच मेला आणि स्नॅपशॉट मागे राहिला, तर डेल्टा फुगत जाऊन डेटास्टोअर भरतं.

मायक्रोसॉफ्टची वाट निराळी नव्हती. विंडोज सर्व्हर २००८ आर२मधल्या क्लस्टर शेअर्ड व्हॉल्यूमवर (अनेक होस्टच्या सामाईक डिस्कवर) बॅकअप सुरू झाला, की सगळ्या नोडचं, म्हणजे होस्टचं, लिहिणं-वाचणं एकाच नोडमार्फत वळायचं. २०१२मध्ये ते सुधारलं. बदललेल्या ब्लॉकची स्वतःची नोंद ठेवायला हायपर-व्हीला, म्हणजे मायक्रोसॉफ्टच्या व्हर्च्युअलायझेशनला, २०१६ उजाडलं.

नोव्हेंबर २०२३मध्ये ब्रॉडकॉमने व्हीएमवेअर घेतलं, परवान्यांची गणितं बदलली आणि अनेकजण प्रॉक्समॉक्स या मुक्त-स्रोत पर्यायाकडे वळले. तिथे बॅकअपला स्टोरेजचा स्नॅपशॉट लागत नाही, त्यामुळे सॅनवरच्या साध्या एलव्हीएमवरही (लिनक्सच्या डिस्क-विभागणीवरही) तो चालतो. पण वाचन पुन्हा होस्टमधूनच, मशीन चालवणाऱ्या क्यूएमूच्या मार्फत. बदलांची नोंद मेमरीत असते. मशीन बंद करून सुरू केलं की ती जाते आणि पुढच्या वेळी डिस्क पूर्ण वाचावी लागते. शिवाय बॅकअप चालू असताना मशीनने एखादा ब्लॉक बदलायला घेतला, तर त्यातला जुना मजकूर आधी बॅकअप सर्व्हरला पोचावा लागतो. तो सर्व्हर हळू असेल तर मशीनचं लिहिणंही अडतं. २०२४मध्ये ८.२ आवृत्तीत यावर फ्लीसिंग आलं : जुने ब्लॉक आधी होस्टला जवळच्या वेगवान डिस्कवर ठेवायचे, बॅकअप सर्व्हरकडे सावकाश पाठवायचे.