‘होल्ड अँड एन्जॉय’ : एका राजपत्री शब्दजोडीची पार्श्वभूमी

ब्रिटिश राजघराण्यातली व्यक्ती ‘रॉयल हायनेस’ ही उपाधी कागदोपत्री ‘होल्ड अँड एन्जॉय’ करते. या ‘एन्जॉय’चा मौजमजेशी संबंध नाही. शब्द मालमत्तेच्या कायद्यातला. आपल्या सातबाऱ्यावर ‘भोगवटादार’ असतो, तसा. जुन्या मराठी इनामपत्रांत ‘वंशपरंपरेने अनुभवून सुखरूप राहणे’ असे लिहीत, तिथले ‘अनुभवणे’ही याच जातीचे. म्हणून ‘उपाधीचा आनंद घेणे’ असे भाषांतर केले की फसलेच.

ही उपाधी कोणाला, याचे नियम 1864 च्या फर्मानात होते. 30 नोव्हेंबर 1917 च्या फर्मानाने, म्हणजे महायुद्धात राजघराण्याने आपली जर्मन नावे टाकून दिली त्याच वर्षी, ते आवळले: राजाची मुले, राजाच्या मुलग्यांची मुले आणि युवराजाच्या थोरल्या मुलाचा थोरला मुलगा.

खरी गोम 1937 ची. आदल्या डिसेंबरात गादी सोडलेल्या राजाचे, आठव्या एडवर्डचे, लग्न 3 जूनला ठरले होते. 27 मेच्या फर्मानाने त्याला उपाधी दिली, पण ‘फक्त स्वतःपुरती’. पत्नी आणि वंशजांना ती नाही. दिली म्हणजे काय? राजाचा मुलगा म्हणून 1917 च्या नियमाने ती त्याची होतीच, आणि नवऱ्याचा दर्जा बायकोला मिळतो हा तिथला जुना रिवाज. सरकारी बाजू अशी, की गादी सोडताच तो वारसाहक्काच्या रांगेतून बाहेर पडला, म्हणून उपाधी नव्याने द्यावी लागली. पण 1917 च्या मजकुरात राजाच्या मुलांना रांगेत असण्याची अट कुठे आहे? देण्याच्या शब्दांत काढून घेण्याची ही युक्ती होती, असे म्हणणारे कायदेपंडित कमी नाहीत, आणि मजकूर त्यांच्याच बाजूने बोलतो. नवऱ्याने मात्र घरातल्या नोकरचाकरांकडून बायकोला ‘रॉयल हायनेस’ म्हणवून घेतलेच.

ऑगस्ट 1996 मध्ये, चार्ल्स-डायानाच्या गाजलेल्या घटस्फोटाच्या आठवडाभर आधी, हीच शब्दजोडी राजपुत्रांच्या घटस्फोटित पत्नींना नाकारण्यात आली. 2020 मध्ये निराळाच पेच आला. राजकर्तव्ये सोडलेले हॅरी-मेगन हे जोडपे उपाधी ‘यूज’ करणार नाही, म्हणजे वापरणार नाही, असे ठरले. ‘होल्ड’ला कोणी हात लावला नाही. बातम्यांत मात्र ‘उपाधी गेली’ असेच छापून आले.

ऑक्टोबर 2025 मध्ये राजाचा भाऊ अँड्र्यू यानेही आधी आपली ड्यूक ही पदवी आणि सन्मान यांचा वापर थांबवत असल्याचेच जाहीर केले. ते पुरले नाही. नोव्हेंबरच्या फर्मानात त्याला ‘होल्ड अँड एन्जॉय’चाच हक्क उरला नाही.