हातचे रेखाटन व कृत्रिम बुद्धिमत्ता (संकल्पन)
वस्तू घडवण्याआधी तिचा आकार कागदावर शोधण्याची जुनी रीत म्हणजे हाताने काढलेले कच्चे रेखाटन. शब्दांतल्या वर्णनावरून क्षणात चित्र देणारी कृत्रिम बुद्धिमत्ता आता याच टप्प्यावर आली आहे. खानदेशात हा विषय सर्वांत जवळचा आहे तो जळगावच्या सराफ बाजाराला.

कच्च्या रेखाटनाचे मोल त्याच्या अपुरेपणात असते. दोनदा गिरवलेल्या, कुठे सुटलेल्या रेषेत काढणाऱ्यालाच आधी मनात नसलेला आकार दिसतो. संशोधक गॅब्रिएला गोल्डश्मिट यांनी वास्तुविशारदांच्या रेखाटनाचा अभ्यास करून १९९१ मध्ये काढणारा आणि रेखाटन यांच्यातली ही देवाणघेवाण मांडली. त्याच वर्षी जॅन्सन आणि स्मिथ या संशोधकांना आढळले, की आधी नमुना दाखवला तर अभियंते त्यातले दोषसुद्धा आपल्या आराखड्यात उचलतात. कृत्रिम बुद्धिमत्तेने काढलेले चित्र पहिल्या फटक्यातच चकचकीत, पुरे झालेले असते. म्हणून ते आरंभीच समोर ठेवणे घातक.

२०२२ मध्ये खुले झालेले स्टेबल डिफ्यूजन हे शब्दांवरून चित्र काढणारे साधन विस्कळीत ठिपक्यांमधून टप्प्याटप्प्याने चित्र उभे करते. त्याचे शिक्षण लायन-५बी या संग्रहातल्या चित्रांवर झाले. संग्रहात चित्र आणि मजकुराच्या सुमारे ५८५ कोटी जोड्या आहेत, पैकी २३२ कोटी इंग्रजी मजकुराच्या. ‘ठुशी’, ‘बोरमाळ’ यांच्या वाट्याला त्यात फार थोडे येणार, हे उघड आहे. ठुशी मागितली तर मणी एकमेकांत विरघळल्यासारखे येऊ शकतात, डाव्या-उजव्या बाजूंचा मेळ बसत नाही, मागचा गोंडा कुठून निघतो ते कळत नाही. डाख (धातूचे तुकडे जोडणारा सांधा) कुठे लागेल, किती ग्रॅम सोने बसेल, याचा त्या चित्राला पत्ता नसतो. कारागीर मात्र पेन्सिल टेकवतानाच हे धरून चालतो. श्रावणातल्या कानबाईच्या उत्सवाचा फलक करतानाही तेच: नारळाला नथ घालून सजवलेली देवी ज्याने घरात पाहिली, त्यालाच ती नेमकी काढता येते.

२०२३ मध्ये आलेल्या कंट्रोलनेट या अशा साधनांना जोडायच्या तंत्रामुळे शब्दांसोबत रेषाचित्रही यंत्राला देता येते. मांडणी हाताची राहते, छटा आणि झळाळी यंत्र भरते. हाच क्रम योग्य होय. गिऱ्हाइकाला एकाच ठुशीचे चार पर्याय दाखवायला यंत्र फार उपयोगी पडते. पुढे संगणकावर मापे बसवणे, मेणाचा साचा आणि ओतकाम यांसाठी मात्र मापे लिहिलेले रेखाटनच लागते.