माऊस बाजूला ठेवून वेबसाइट तपासताना

नीट न दिसणाऱ्या किंवा माऊस न वापरणाऱ्या माणसांनाही वेबसाइट वापरता येते का, हे तपासताना पांढऱ्या पार्श्वभूमीवर #७७७७७७ हा राखाडी रंग वापरला तर मजकूर नापास, #७६७६७६ वापरला तर पास. डोळ्यांना फरक जाणवत नाही, पण पहिल्याचा कॉन्ट्रास्ट, म्हणजे मजकूर आणि पार्श्वभूमी यांच्या उजळपणाचं गुणोत्तर, ४.४८:१ भरतो, दुसऱ्याचा ४.५४:१, आणि साध्या मजकुराची किमान मर्यादा आहे ४.५:१. जवळचा आकडा धरून भागत नाही. ही मर्यादा ‘डब्ल्यूसीएजी’ (वेब कंटेंट ॲक्सेसिबिलिटी गाइडलाइन्स) या, वेबसाइट सगळ्यांना वापरता यावी यासाठीच्या मानकातली आहे. वर्ल्ड वाइड वेब कन्सोर्शियमने ते पहिल्यांदा १९९९ मध्ये आणलं, २.२ ही आवृत्ती ऑक्टोबर २०२३ मध्ये आली. ए, एए आणि एएए अशा त्याच्या चढत्या काटेकोरपणाच्या तीन पातळ्या आहेत. व्यवहारात मागणी असते ती बहुतेक वेळा एएची.

कॉन्ट्रास्ट मोजताना तिन्ही मूळ रंगांना सारखं वजन नसतं. हिरव्याला ०.७१५२, लालला ०.२१२६ आणि निळ्याला जेमतेम ०.०७२२. म्हणून पांढऱ्यावरचा शुद्ध निळा ८.५९:१ ने आरामात सुटतो, पण चुकांच्या सूचनांसाठी सर्रास वापरला जाणारा शुद्ध लाल ४:१ च्या आसपासच अडकतो. रंग थोडा गडद केला की हे सुटतं. तरी ‘लाल चौकटीतली माहिती दुरुस्त करा’ एवढंच लिहिलं, तर रंगांधळ्या माणसाला कुठली चौकट ते कसं कळणार? नेमकी चूक शब्दांत लिहायलाच हवी.

रंगाचं तरी एखादं साधन मोजून देतं. खरी पडझड कीबोर्डवर होते. एचटीएमएल या वेबपानं लिहायच्या भाषेतलं तयार ‘बटन’ वापरलं की टॅबने त्यावर पोहोचता येतं, एंटर आणि स्पेस दोन्ही चालतात, स्क्रीन रीडर (पडद्यावरचा मजकूर बोलून दाखवणारं सॉफ्टवेअर) ‘बटन’ असं सांगतो. हे सगळं फुकट मिळतं. त्याऐवजी ‘डिव्ह’ या साध्या रिकाम्या चौकटीला बटनासारखं रंगवून क्लिक जोडलं की माऊसवाल्याला काहीच फरक पडत नाही, पण टॅब त्याला ओलांडून पुढे जातो. मग हे बटन आहे असं सांगणारा रोल द्या, टॅबने तिथे पोहोचता यावं म्हणून टॅबइंडेक्स द्या, दोन्ही कळांसाठी कोड लिहा. आणि इतकं करून मिळतं ते आधीच तयार होतं तेच! टॅबने जिथे पोहोचलो त्याभोवती उमटणारी फोकसची चौकट ‘दिसायला बरी नाही’ म्हणून सीएसएसमधून (पानाचं रूप ठरवणाऱ्या कोडमधून) काढून टाकणं हाही असाच हट्ट. ती गेली की आपण पानावर कुठे आहोत हे कीबोर्ड वापरणाऱ्याला समजत नाही.

चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे कोडमध्ये दिलेलं त्याचं शब्दांतलं वर्णन, नसेल तर काही स्क्रीन रीडर फाइलचं नावच वाचतात. चित्र निव्वळ सजावटीचं असेल तर ऑल्ट रिकामा ठेवायचा, गाळायचा नाही. फॉर्ममध्ये लेबलाच्या जागी नुसता प्लेसहोल्डर (रकान्याच्या आतला फिकट मजकूर) नको, कारण टाइप करायला लागताच तो नाहीसा होतो.

२.२ मध्ये एए पातळीवर आलेले दोन नियम उपयोगाचे आहेत. क्लिक करायची जागा किमान २४ बाय २४ सीएसएस पिक्सेल हवी, किंवा लहान जागांभोवती पुरेसं मोकळं अंतर हवं. आणि लॉगिन निव्वळ स्मरणशक्तीवर अवलंबून नको, त्यामुळे पासवर्ड पेस्ट करणं अडवलं आणि दुसरा सोपा मार्गही दिला नाही, तर पान नापास होतं.

स्वयंचलित साधन ऑल्ट आहे की नाही ते सांगेल, तो चित्राशी जुळतो का हे नाही. म्हणून माऊस बाजूला ठेवून सगळा फॉर्म टॅबने भरून पाहा. मग १२८० पिक्सेल रुंदीची खिडकी ४०० टक्के झूम करा. ३२० पिक्सेलच्या त्या जागेत वाचण्यासाठी आडवं सरकवावं लागता कामा नये. वर चिकटून राहणारे हेडर इथेच उघडे पडतात: झूम वाढला की अर्धा पडदा तेच व्यापतात, आणि फोकस मिळालेलं बटन त्यांच्याखाली दडून बसतं.